भिंतीपलीकडचा समुद्र : मुंबईच्या गोद्यांच्या कडेकडेनं तीन दिवस

माझी आत्या आजही पोळ्या पाचापाचांत मोजते. चार झाल्या की पाचवी आडवी ठेवते. ही सवय आजोबांची. आजोबा गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजाच्या फाळक्यातून, म्हणजे डेकवरच्या माल काढायच्या तोंडातून, सलिंग, म्हणजे मालाची दोरखंडी झोळी, वर आली की त्यात किती पोती, किती गाठी, हे वहीत मांडायचं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आमचं घर चोपडा तालुक्यातलं, कापसाचं. गावाकडे कापूस वेचणाऱ्या घरातला मुलगा मुंबईला आला आणि त्याच कापसाच्या गाठी मोजत नोकरी काढली. वडाळ्याला पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समध्ये आत्या आणि माझे बाबा वाढले. मी पुण्याची, त्यामुळे मला मुंबईचा समुद्र म्हणजे मरीन ड्राइव्ह आणि जुहू. आत्या नेहमी म्हणायची, "तो हवा खायचा समुद्र. पोट भरणारा समुद्र तिकडे, पूर्वेला."

२०२४ च्या फेब्रुवारीत पूर्व किनाऱ्यावर तीन दिवसांचा एक हेरिटेज वॉक असल्याचं कळलं. शुक्रवार ते रविवार, आणि सोमवारी शिवजयंतीची सुट्टी. मी दोन जागा घेतल्या आणि मग आत्याला फोन केला. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती, गुडघे दुखायचे. मला वाटलं होतं नाही म्हणेल. तिनं फक्त विचारलं, "आत सोडतात का गं?"

शुक्रवार, रथसप्तमी : हॉर्निमन सर्कल ते ग्रीन गेट

सकाळच्या डेक्कन क्वीननं मी सीएसएमटीला उतरले, आत्या डोंबिवलीहून आली. तिच्या पिशवीत तिळगुळाची शेवटची डबी होती. रथसप्तमीला संक्रांत संपते, म्हणून वाटेत भेटेल त्याच्या हातावर ती दोन दाणे ठेवत होती. जेवायला बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात गेलो. १९२३ पासूनचं हे इराणी हॉटेल दुपारचंच उघडं असतं. बेरी पुलावाची ती आंबट लाल फळं मला फार आवडली, आत्याला कॅरॅमल कस्टर्ड. "बाबा या दारावरून रोज जायचे," ती म्हणाली, "आत कधी आले नसतील." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

वॉक चार वाजता हॉर्निमन सर्कलला सुरू झाला. आम्ही अकराजण. वाट दाखवणारी मुलगी आर्किटेक्ट होती, तिशीच्या आतली. आवाज शांत आणि माहिती पक्की. पहिल्या पाच मिनिटांतच तिनं आत्याची चाल पाहून सगळ्यांचा वेग कमी केला, आणि तसं केल्याचं कुणाला जाणवूही दिलं नाही. तिच्याबद्दल मला तिथंच आपुलकी वाटली.

सुरुवात तिनं बागेतल्या हिरवळीवरून केली. एकेकाळी इथं बाग नव्हती, उघडं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. निर्यातीचा कापूस याच मैदानात रचलेला असायचा, कारण टाउन हॉलच्या मागे लगेच धक्का. आज टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसलं तर समुद्राचा वासही येत नाही. मधली सगळी जमीन भरावाची आहे. पुढे १८४४ मध्ये कापसाचा हा बाजार कुलाब्याला हलला आणि त्यानंतर शिवडीकडे. "कॉटन ग्रीन हे नाव रविवारी लक्षात ठेवा," ती म्हणाली. रेल्वेच्या पाटीवर हजारदा वाचलेल्या त्या नावातलं 'ग्रीन' म्हणजे मैदान, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तिथून लायन गेट. आत नौदलाची गोदी, म्हणजे बाहेरूनच बघायचं. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथं आले आणि १७५० ला पहिली सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाजाचं काम करायची जागा, झाली. वाडियांच्या पिढ्यांनी मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं एक, १८१७ चं ट्रिंकोमाली, इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. कॉर्नवॉलिस हे दुसरं. १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला तो याच जहाजावर. ओकचं लाकूड आपल्या पाण्यात किडायचं, साग टिकायचा, म्हणून इंग्रजांच्या आरमारातली काही जहाजं मुंबईच्या सुतारांच्या हातून घडली. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत तरी यायला हवं.

बॅलार्ड इस्टेटमध्ये पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती, शुक्रवारची संध्याकाळ असूनही शांत. गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट यांनी हा भाग आखला. ज्या जमिनीवर तो उभा आहे ती अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीदगडाच्या भरावानं तयार झाली, साधारण २२ एकर. खड्डा झाला ती गोदी आणि ढीग झाला ते हे. बॅलार्ड म्हणजे १८७३ ला पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यावरचे पहिले अध्यक्ष. जवळच बॅलार्ड पियर. विलायतेहून बोटीनं आलेला माणूस तिथं उतरून धक्क्यावरच उभ्या असलेल्या फ्रंटियर मेलमध्ये बसायचा आणि थेट पेशावरला जायचा.

मग ग्रीन गेट. अलेक्झांड्रा डॉक १९१४ चा, पुढे त्याचं नाव इंदिरा डॉक झालं. आत सुरक्षेमुळे कुणालाच नेता येत नाही, हे मुलीनं आधीच सांगितलं होतं. आत्या तरीही गेटपर्यंत चालत गेली. तिथल्या जवानाला म्हणाली, "माझे वडील इथं कामाला होते, बत्तीस वर्षं." तो विदर्भातला निघाला. "आत नाही सोडता येत, मावशी," म्हणाला, पण स्वतःची खुर्ची त्यानं सावलीत ओढून दिली. ती बसली. त्यालाही तिळगूळ मिळाला.

खुर्चीत बसूनच तिनं आम्हा सगळ्यांना गोदी समजावली. मुलगीही ऐकत उभी राहिली. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. उघड्या धक्क्याला जहाज लावलं तर सकाळी ते डोक्यावर आणि दुपारी पायाखाली. माल काढायचा कसा? म्हणून ओली गोदी. "पाण्याला दार लावायचं," आत्या म्हणाली. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचं आणि बंद करायचं. बाहेर दर्या कितीही उतरू दे, आतलं पाणी तसंच. मग टोळीवाला आपली मजुरांची टोळी घेऊन चढायचा, फाळक्यावरच्या फळ्या निघायच्या, ओझं ओढणारी विंच घरघरायची आणि सलिंग वर यायची. आजोबा खाली वही घेऊन उभे. मिरचीची पोती असली की घरी येईपर्यंत त्यांचे डोळे लाल. "आई म्हणायची, आज मिरची होती ना? ते म्हणायचे, दोन हजार चारशे पोती."

शुक्रवारसाठी एवढं सांगते. फोर्टमधला हा टप्पा तुम्ही स्वतःहूनही करू शकता, चालणं तीन किलोमीटरच्या आत आहे. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट सर्वांत छान दिसते, पण ब्रिटानियात जेवायचं तर रविवार सोडून जा. नौदलाच्या भिंतीकडे आणि गोदीच्या गेटकडे कॅमेरा रोखू नका.

रात्री गिरगावात माझ्या मावसभावाकडे राहिलो.

शनिवार : ससून डॉक, भाऊचा धक्का, माझगावची टेकडी

पहाटे साडेपाचला ससून डॉकच्या गेटवर. अंधार, आणि वासाची एक भिंत. पाच मिनिटं नाक नको म्हणतं, नंतर विसरतं. आत शिरलं की प्रकाश, आरडाओरडा, पाणी. बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या. बोटीवरचा खलाशी भरलेली टोपली भिरकावतो, वरचा ती झेलतो आणि नजर न वळवता पुढच्याकडे देतो. एका बाजूला बर्फाच्या लाद्या यंत्रात जात होत्या आणि चुरा फवाऱ्यासारखा टोपल्यांवर पडत होता. दुसऱ्या बाजूला लिलाव. चार माणसं एका ढिगाभोवती उभी, बोटांच्या खुणा, तोंडानं आकडे, आणि अर्ध्या मिनिटात सुरमईचा ढीग विकला गेलेला. आकडा कुठं ठरला ते मला तीन लिलाव पाहूनही कळलं नाही.

ससून डॉक १८७५ चा. अल्बर्ट ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्यानं खडक फोडून तो बांधून घेतला. पश्चिम भारतातली ही पहिली ओली गोदी. बांधली कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशांचा पूर लोटला. युद्ध संपताच १८६५ ला सगळं कोसळलं, पण बंदर वाढायचं ते वाढलंच. आज त्याच दगडी काठावर कापूस नाही, करंदी आणि बोंबील. काठाचे दगड मात्र तेच आहेत. एका जागी मी खाली वाकून हात लावला. दोरखंडांनी घासून घासून कडेला बोटभर खोल खोबणी पडली होती, गुळगुळीत, आतून ओलसर. किती वर्षांचे दोर असतील ते.

कोलंबी सोलणाऱ्या बायकांची एक लांब रांग जमिनीवर बसली होती. डाव्या हातात कोलंबी, उजव्या अंगठ्याचा एक झटका, डोकं इकडे, साल तिकडे. आत्या त्यांच्यापैकी एकीशेजारी उकिडवी बसली, गुडघे विसरून. बोलता बोलता बाजूला जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी विचारलं, उद्या कुठं? शिवडी म्हटल्यावर ते लगेच बोटांवर मोजू लागले. "आज आठम. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. उद्या नवम, पावणेसात. तुमी साडेआठ-नवाला जा." मला आधी समजलंच नाही. मग कळलं : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, त्याच्यामागे दर्या. मोबाइलवर तक्ता काढून पाहिला तर थोड्या मिनिटांचा फरक. अष्टमी-नवमीची ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. उधाण पुनवेला आणि अवसेला. आत्यानं हे सगळं स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं.

तिनं तिथं दीड किलो करंदी घेतली. मी म्हटलं, दिवसभर घेऊन कुठं फिरणार? तिनं ती मावसभावाला बोलावून त्याच्या स्कूटरवरून गिरगावला धाडली.

ससून डॉकला जायचं तर सहाच्या आत पोचा, सातनंतर मजा ओसरते. पट्ट्याची पकड असलेली रबरी चप्पल किंवा जुने बूट घाला, जमीन ओली आणि निसरडी असते. हातगाडीवाल्यांच्या वाटेत उभं राहू नका, त्यांना थांबता येत नाही. फोटो विचारल्याशिवाय नको. लोक कामावर आहेत, तुमच्या-माझ्या ऑफिसात कुणी न विचारता कॅमेरा घेऊन शिरलं तर कसं वाटेल? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा येऊन उपयोग नाही.

बाहेर ऑम्लेट-पाव आणि चहा घेऊन टॅक्सीनं पी. डिमेलो रोडवरून निघालो. पूर्वीचा हा फ्रिअर रोड. गव्हर्नरचं नाव जाऊन गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव आलं, असे रस्ते मुंबईत फार नाहीत. उजवीकडे सलग भिंत, तिच्यामागे गोदामं. भिंतीवरून डोकावणाऱ्या क्रेनपुरता समुद्र. डावीकडे मस्जिद बंदरचे माथाडी हातगाड्या ओढत होते. घाटावरून, सातारा-सांगलीहून आलेल्या या माणसांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा आणला. पाठीवर ओझं उचलणाऱ्याला रजा, फंड, औषधपाणी मिळायला हवं, एवढी साधी गोष्ट. तीही लढूनच मिळाली.

वाटेत मुलीनं टॅक्सी थांबवून भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तिथं प्रिन्सेस डॉक होता, १८८० चा, आणि त्याला लागून व्हिक्टोरिया. दोन्ही आता बुजवले आहेत. व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. युद्धाचा काळ, पोटात दारूगोळा, आणि कराचीला त्यावर चढवल्या कापसाच्या गाठी. दुपारी कापूस पेटला, तो विझेना. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, बाजूच्या वस्त्या जळल्या. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परत आले नाहीत. देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली. पुढे गाळ काढतानाही विटा मिळत राहिल्या.

आत्या म्हणाली, आजी तेव्हा गिरगावात होती, बारा वर्षांची. खिडकीची काच ताटात पडली, एवढंच सांगायची. आजोबा गोदीला लागले तेव्हा या गोष्टीला फार दिवस झाले नव्हते. कापसाची गाठ फाळक्यातून वर येताना कुणी विडी काढली तर शांत स्वभावाचे आजोबा ओरडायचे म्हणे. मी आजोबांचा आवाज चढलेला कधी ऐकला नाही. त्या भिंतीपाशी उभी राहून तो ऐकायचा मी प्रयत्न केला.

या जागी काहीतरी हवं. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारक आहे, ते योग्यच. पण जिथं घडलं त्या रस्त्यानं रोज हजारो माणसं जातात, त्यांना कळेल अशी एक पाटी, साध्या मराठीत.

भाऊच्या धक्क्यावर साडेनऊला. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकातले पाठारे प्रभू गृहस्थ. कोकणातून बोटीनं येणाऱ्या माणसांना उतरायला नीट जागा नव्हती, ती त्यांनी बांधली. आजही इथून मोरा आणि रेवसला लाँच सुटतात, मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोटही. रेवसच्या लाँचमधून एक नवरानवरी उतरली, मुंडावळ्या तशाच, मागे सनई नाही पण ब्लूटूथवर गाणं. धक्क्यावर उभ्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथून लाँच घ्यायची असेल तर पाऊणपटीचा हिशेब उपयोगी पडतो. मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागत नाही आणि फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे परतीची वेळ विचारूनच चढा.

ऊन चढलं होतं. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावर भंडारवाड्याची टेकडी आहे. वर पाण्याचा जुना जलाशय आणि जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. पायऱ्या बऱ्याच आहेत. आत्यानं त्या चढल्या, दर दहाला थांबत. वरून पहिल्यांदा सगळं एकत्र दिसलं : हार्बरचे रूळ, माझगाव डॉकच्या क्रेन, राखाडी लढाऊ जहाजं, पलीकडे धुरकट पाणी आणि त्यापलीकडे उरणचा किनारा. एकेकाळी इथं माझगावचा किल्ला होता. आत्या कठड्याला धरून उभी राहिली आणि बोटानं दाखवत गेली. थर्टी फर्स्टच्या रात्री बाराला बंदरातली सगळी जहाजं एकदम भोंगे देतात. वडाळ्याच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर पोरं ते ऐकायला जागायची. "आमचं नवं वर्ष भोंग्यावर सुरू व्हायचं."

उद्यानाला ज्यांचं नाव दिलं ते काका बाप्टिस्टा टिळकांचे स्नेही बॅरिस्टर, होमरूल लीगमधले, कामगार चळवळीतले, १९२५ ला मुंबईचे महापौर. त्यांचं म्हातारपाखाडी, जुनी ख्रिस्ती वस्ती, खालीच आहे. लाकडी कठडे, बाहेरून चढणारे जिने, दारात क्रूस, कुंड्यांत तुळसही. तासभर त्या गल्ल्यांतून फिरलो, पण आता सगळेच थकले होते. मी फार काही लिहून ठेवलं नाही. एका ओट्यावरच्या आजींनी पाणी दिलं, फक्त ते आठवतं.

रात्री करंदीचं कालवण झालं. आत्यानं केलं, खानदेशी काळा मसाला घालून. गिरगावकर मावसभाऊ आधी बिचकला, मग तिसऱ्यांदा भात घेतला.

रविवार : शिवडी, कॉटन ग्रीन, दारूखाना

पावणेनऊला शिवडीच्या जेट्टीवर. कोळीबाबांचा हिशेब अचूक होता. पाणी उतरायला लागलं होतं आणि चिखलाचा काळा पट्टा हळूहळू उघडा पडत होता. त्या पट्ट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. गुलाबी रेघ आधी लांब दिसते, मग ती हलते. चोच उलटी करून, मान खाली, पुढे चालत चालत चिखल गाळायचा. सगळे एका दिशेनं, पेरणीच्या माणसांसारखे. पिसांवरचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातून आणि बारीक किड्यांतून. मागे जुनी जहाजं, तेलाच्या टाक्या, आणि त्यांच्या वरून निघालेला अटल सेतू. त्याआधी महिनाभर, १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाला होता, २१.८ किलोमीटर. पूल होताना पक्षी निघून जातील अशी भीती होती. त्या सकाळी ते होते. पूल मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण चिखल ही रिकामी जागा नाही, हे ठरवणाऱ्यांच्या मनात ठसायला हवं. आपण ज्याला गाळ म्हणतो ते हजारो पक्ष्यांचं ताट आहे.

आत्या मोजायला लागली. हवेत बोटानं चार उभ्या, एक आडवी. साठाच्या पुढे गेली आणि थवा उठला. पंखांची आतली बाजू लाल आणि काळी. तिनं बोट खाली घेतलं.

नोव्हेंबरअखेर ते मे हा इथला मोसम. दुर्बीण न्याच. स्टेशनपासून जेट्टीपर्यंत ट्रक आणि धूळ, चालण्यापेक्षा टॅक्सी बरी. भरतीच्या आधी किंवा नंतर दोन-अडीच तास ही वेळ धरा. पूर्ण भरतीला पक्षी उठून जातात, पूर्ण ओहोटीला फार लांब. टोपी आणि पाणी हवंच, जेट्टीवर सावली नाही.

शिवडीचा किल्ला लहानसा आहे, १६८० च्या सुमाराचा. तो पटकन पाहून कॉटन ग्रीनला आलो. स्टेशनच्या पूर्वेला कापसाची गोदामं, रांगाच्या रांगा, लोखंडी दारं, मधून रेल्वेचे रूळ गवतात बुडालेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात भराव टाकून हे सगळं उभं राहिलं आणि कापसाचा बाजार कुलाब्याहून इथं आला. समोर कॉटन एक्स्चेंजची इमारत. खानदेशातल्या जिनात सरकी निघून रुई व्हायची, प्रेसमध्ये गाठ बांधली जायची, भुसावळवरून रेल्वेनं इथं. आज गाठ १७० किलोची असते. आत्या एका बंद गोदामाच्या दारापाशी उभी राहिली. फटीतून आत बघितलं. अंधार, आणि तागाचा जुना वास, थोडा तेलकट, थोडा गोड. तिनं मला जवळ ओढलं. "हे घे. बाबांच्या शर्टाला हाच वास यायचा."

मी तो वास घेतला. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. मला त्यांची काठी आठवते, चष्मा आठवतो. वास नव्हता आठवत, आणि एका क्षणात आठवला.

इथून रे रोडकडे जाताना मुलीनं बंदरांची नावं वाचून दाखवली. लकडी बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर, 'हे' बंदर (इंग्रजी 'हे', म्हणजे सुकं गवत). लाकूड कुठं उतरायचं, छपराची कौलं कुठं, घोडे-बैलांचं गवत कुठं, सगळा हिशेब नावातच. मुंबईतली घरं ज्या लाकडा-कौलांनी बांधली ती या धक्क्यांवर उतरली. उद्या इथं टॉवर येतील, त्यांना इटलीतल्या गावांची नावं पडतील. माझी एकच विनंती आहे : नकाशावरून ही नावं पुसू नका.

दारूखाना म्हटल्यावर ग्रुपमधला एक तरुण हसला. आत्यानं त्याला समजावलं, दारू म्हणजे बंदुकीची. इथं आता जहाजं तोडतात. १९७१ च्या युद्धात लढलेली विमानवाहू विक्रांत २०१४ मध्ये इथंच तोडायला घेतली. उधाणाच्या भरतीला जहाज चिखलात जितकं आत येईल तितकं आणायचं, पाणी उतरलं की गॅस कटरनं कापायचं. तोडण्याच्या जागी आम्ही गेलो नाही, जाऊही नये. गल्ल्यांतली दुकानं पाहिली. नांगर, साखळ्या, गोल खिडक्या, जहाजातले दिवे, स्टीलच्या किटल्या. साखळीची एक कडी मी उचलायला गेले, जागची हलली नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन माणसं लागतात." हे काम करणाऱ्या पोरांच्या पायात त्या दिवशी साध्या चपला होत्या. ते पाहिल्यावर दिवे विकत घ्यायचं माझ्या मनातून उतरलं.

वॉक रे रोड स्टेशनवर संपला. हार्बर लाइन १९१० मध्ये कुर्ल्याहून आधी इथवरच आली, आणि देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गानं व्हीटीहून कुर्ल्याला गेली. निरोप घेताना मुलीनं आत्याचा फोन नंबर मागितला. म्हणाली, "काकू, फाळका, सलिंग, टोळीवाला, हे शब्द मला माहीत नव्हते. मी एकदा घरी येऊन लिहून घेऊ?" १९८९ ला पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, माल कंटेनरमध्ये गेला, टॅली करायचं काम संपलं. ते शब्दही मग घराघरांत म्हाताऱ्या माणसांपाशीच उरले.

आत्या म्हणाली, "ये. पण एकट्या माझ्याकडे येऊन काय होणार?"

मी पुण्याला आले त्याला आठवडा झाला नव्हता तोच तिचा फोन. वडाळ्याच्या क्वार्टर्समधल्या जुन्या शेजाऱ्यांना तिनं शोधून काढलं होतं. एक विंचवर होते, आता बदलापूरला. एक गोदीच्या दवाखान्यात नर्स. एकांनी टोळीत पंचवीस वर्षं काढली आणि त्यांना सगळ्या क्रेनचे नंबर पाठ आहेत. पुढच्या वॉकची तारीख विचार, असं तिनं मला सांगितलं. मी विचारलं, किती जागा?

"लिही," ती म्हणाली. "चार उभ्या, एक आडवी. आणि वर दोन."